कोर्ट उठेपर्यंत

व्हॅनच्या आयांनी मला पुढे केलं,
कारण मला अर्ज लिहिता येतो.
सात पोरं, त्यात माझी धाकटी,
आणि जामसंड्याच्या उताराची ती वळणं.
कुणी म्हणालं, विश्राम धुरी? तो पितो.
कुणी म्हणालं, प्यायचा.
या दोन क्रियापदांमधलं अंतर मोजायला
मी देवगडच्या कोर्टात गेले.

आदल्या रात्री मोबाइलवर नाव घालून पाहिलं होतं.
विश्राम धुरी कुठेच नव्हता.
नकलेच्या टेबलावरच्या तिरोडकर मॅडम हसल्या,
'विसराम घाला. आणि बापाचं नावही.
पोलीस ऐकतात तसं लिहितात.'
विसराम सोमा धुरी. सापडला.
अर्जाला तिकीट चिकटवलं, जिभेवर डिंक राहिला.
आठ दिवसांनी या म्हणाल्या,
अकराव्या दिवशी मिळालं.

तीन पानं.
तोंडास मद्याचा उग्र दर्प. डोळे लालसर.
चालताना झोक जातो. बोलणे असंबद्ध.
रक्तात शंभराला चौऱ्याण्णव.
'किती चालतं?' मी विचारलं.
'तीसपर्यंत. चालतं असं नाही हो,
धरत नाहीत.'
तारीख कुणकेश्वरच्या जत्रेची,
म्हणजे त्या रात्री रस्त्यावर पोलीस होते.
वाहन मोटारसायकल. मागे कोणी नाही. इजा निरंक.
निरंक या शब्दावरून मी दोनदा बोट फिरवलं.
गुन्हा कबूल. दंड दोन हजार.
आणि शिक्क्याखाली अर्धी बुडालेली ओळ,
कोर्ट उठेपर्यंत कैद.

मला कोर्ट म्हणजे इमारतच माहीत.
ती कशी उठणार?
मॅडमनी पेनाने मागचा बाक दाखवला.
'तिथे बसायचं, साहेब उठेपर्यंत.
पाणी मिळतं. फोन नाही.
ओळखीची माणसं येऊन बघून जातात,
तेवढीच शिक्षा.'

मी बसून पाहिलं त्या बाकावर.
समोर एका गडग्याचं भांडण चाललेलं,
कलमाची फांदी कोणाच्या बाजूला वाकलीय यावरून.
बाक तसा काही टोचत नाही.
पण दाराशी कुणी आलं की
मी उगाच पदर सारखा करत होते.

मग ओरोस. परिवहन कार्यालय, खिडकी चार.
विश्रामने स्वतःच सही करून दिली होती कागदावर,
कशाला म्हणून विचारलंही नाही.
परवाना तीन महिने निलंबित,
त्यापुढे सगळे रकाने रिकामे.
'तेव्हापासून क्लीन आहे, ताई,' आतला पोरगा म्हणाला,
'आणखी कुणाचं बघायचंय?'

पाकिटात नवऱ्याच्या लायसन्सची झेरॉक्स होती,
कुठल्याशा कर्जाच्या वेळची, घडीवर फाटलेली.
मी नंबर वाचून दाखवला.
'यांच्यावर काहीच नाही. एकदम कोरं.'

कोरं.
दर शनिवारी मिठमुंबरीकडून तो येतो,
अंगणात शिरताना बंपर तुळशीला घासतो,
चिऱ्याची लाल पूड मी रविवारी झाडून काढते.
हॉर्नवरून मला कळतं किती झालीय.
त्या रस्त्यावर नाका नाही.
हवालदार एक आहे,
तो त्याच्याच टेबलावर असतो.

परतताना विश्राम स्टँडवर भेटला.
कागद दिला. त्याने वाचला नाही,
घडी मात्र नीट घातली.
'थयच बसललंय,' म्हणाला, 'मागच्या बाकार.
सांजेक आवस इली.
माका बघल्यान आणि गेली.
बोलली काय नाय.'

आयांना मी तिन्ही पानं वाचून दाखवली,
दर्प, झोक, चौऱ्याण्णव, सगळं.
चौथं जे कळलं ते नाही वाचलं.
सोमवारपासून व्हॅन विश्रामच नेतो.
उतारावर दुसरा गिअर, धाकटी सांगते,
आणि गाणी लावत नाही, म्हणून पोरं चिडतात.

शनिवारी मी बाहेरच्या पायरीवर बसते.
शेजारी पाण्याचा तांब्या.
फोन लागत नाही.